टीव्हीला पीसी जोडला आणि टास्कबार गायब?

ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय केबल टीव्हीला लावली आणि चित्राच्या कडाच कापल्या गेल्या? केबल बदलायला धावू नका. हा ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या काळात कडा वेड्यावाकड्या दिसत, म्हणून टीव्ही चित्र थोडं फुगवून त्या झाकायचे. ट्यूब गेली, खोड राहिली! टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा. नाव कंपनीगणिक बदलतं. ड्रायव्हरमधून चित्र लहान करण्याचा उपाय मला पटत नाही, अक्षरं धूसर होतात.

काळा रंग राखाडी दिसतोय, किंवा सावल्या काळ्याठिक्कर? मग कार्ड आणि टीव्ही यांची आरजीबी रेंज जुळत नाहीये. १६ ते २३५ किंवा ० ते २५५, दोन्हीकडे एकच ठेवा. आणि फोर-के ६० हर्ट्झ पूर्ण रंगांत हवं असेल तर कार्ड आणि टीव्ही दोन्हींत किमान एचडीएमआय २.० लागतं.