पहिला व्हायोला घेताना

व्हायोलिन हे वाद्य अहिल्यानगर जिल्ह्याला परके नाही. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९३२ मध्ये जन्मलेल्या प्रभाकर जोग यांनी ते मराठी भावगीतात इतके रुजवले की ‘गाणारे व्हायोलिन’ हीच त्यांच्या वादनाची ओळख ठरली. त्याचा थोरला भाऊ व्हायोला मात्र येथे क्वचितच दिसतो. त्याला चारच तारा असतात, पण व्हायोलिनची सर्वांत चढी तार वगळून खाली खर्जाकडे एक जाड तार दिलेली असल्यामुळे त्याचा आवाज पाच स्वर खालचा, भारदस्त येतो. कर्नाटक संगीतातील ख्यातनाम गायक बालमुरलीकृष्ण हे वाद्य वाजवत. अहिल्यानगर शहराच्या सावेडी भागातील एखाद्या विद्यार्थ्याने त्याची मागणी केल्यास दुकानदार पुढे व्हायोलिनच ठेवण्याचा संभव अधिक, म्हणून काय मागायचे हे आधी ठाऊक असलेले बरे.

व्हायोलिनच्या पेटीची लांबी सुमारे १४ इंच असते आणि त्या हिशेबाने पाच स्वर खाली उतरणाऱ्या वाद्याला दीडपट, म्हणजे २१ इंची, पेटी हवी. ती खांद्यावर पेलणे अशक्य असल्याने कारागिरांनी साडेपंधरा ते साडेसोळा इंचांवर तडजोड केली आणि त्या तडजोडीतूनच व्हायोलाचा किंचित दबका, घोगरा गोडवा आला. लहान हातांसाठी १२ ते १५ इंची व्हायोलेही मिळतात, परंतु पेटी जितकी छोटी तितकी खालची तार पोकळ, ढिली वाजते. त्यामुळे डावा हात न अवघडता पेलेल त्यातले मोठ्यात मोठे माप घेणेच शहाणपणाचे. हिंदुस्थानी पद्धतीने मांडी घालून, वाद्याचे टोक घोट्यावर टेकवून वाजवणाऱ्याच्या हातावर भार कमी येतो, पण बोटांमधले अंतर त्यालाही तेवढेच कापावे लागते.

स्वस्त सेटमध्ये वाद्य, बो म्हणजे गज, राळ आणि केस एकत्र मिळतात, आणि ग्राहकाची नजर सहसा चकचकीत पॉलिशवर जाते. खरे पाहायचे ते घोडीकडे, अर्थात तारा ज्यावर टेकतात त्या मेपलच्या पातळ तुकड्याकडे: तिचे पाय पेटीच्या गोलाईवर पूर्ण बसले पाहिजेत, खाली कागद सरकेल एवढी फट दिसली तरी आवाज मरतो. पेटीच्या पोटात, खर्जाच्या विरुद्ध बाजूच्या पायामागे, न चिकटवता केवळ दाबाने उभी असलेली एक काडी असते. तिला साउंडपोस्ट म्हणतात, तर फ्रेंच लोक तिला ‘आत्मा’च म्हणतात. पेटीवरच्या वळणदार फटीतून टॉर्च मारली की ती दिसते, आणि ती पडलेली असेल तर तारा ताणूच नयेत, कारण वरची फळी खचते. तारा पट्टीपासून फार उंच असल्यास नवख्याची बोटे आठवड्यात सोलवटून निघतात आणि दोष मात्र रियाजाच्या नावावर जातो. घोडी घासून घेणे, खुंट्या नीट बसवणे, तारा बदलणे यासाठी बजेटचा एक हिस्सा बाजूला ठेवला, तर साधे वाद्यही चांगले बोलते. बो लाकडाचा स्वस्त आणि वाकडा घेण्यापेक्षा कार्बन फायबरचा सरळ बो बरा, कारण तो हवेने वाकत नाही.

हवेचा मुद्दा पर्जन्यछायेतील अहिल्यानगर शहरात गौण नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या सैल पडतात, त्यांवर किंचित खडू चोळला की त्या धरतात. श्रावणात त्याच फुगून घट्ट होतात. वैशाखात कधी पेटीची कड उकलते, तेव्हा घाबरण्याचे कारण नसते, कारण व्हायोलाला मुद्दाम कमजोर सरस लावलेला असतो, जेणेकरून फळी तडकण्याआधी सांधा सुटावा. तेथे सुतारी कामाचा पांढरा गोंद भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात सांधा राहतो आणि फळी तडकते.