गेल्या सात दिवसांत

परवा एका डॉक्टरमित्राने माझ्यापुढे एक कागद टाकला. म्हणाला, "तू मराठीचा मास्तर. हे भाषांतर लोकांना कळेल का, तेवढे सांग."

कागदावर २२ वाक्ये होती. अपघात, भूकंप, जवळच्याचा अकस्मात मृत्यू अशा आघातातून गेलेल्या माणसाने ती वाचायची आणि गेल्या सात दिवसांत त्या त्या गोष्टीने किती छळले, ते ० ते ४ यांपैकी एका आकड्याने सांगायचे. हॉरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली अमेरिकेत अशी १५ वाक्ये प्रसिद्ध केली. त्यांत दोनच गोष्टी विचारल्या होत्या : नको असताना मनात घुसणाऱ्या आठवणी, आणि त्या चुकवण्याची धडपड. १९९७ साली वाइस व मार्मर यांनी दचकणे, चिडचीड, झोप न लागणे यांची भर घातली आणि वाक्ये २२ झाली.

थर्मामीटर रोग्याला काही विचारीत नाही. इथे मात्र रोग्याचा शब्द हाच पारा! म्हणून शब्द चुकला की माप चुकले. एका वाक्यात 'भावना बधिर झाल्या' असे होते. आमच्या आत्याला ते वाचून दाखवले, तर ती म्हणाली, "न्हाई बाबा, ऐकू येतंय मला चांगलं." मी 'बधिर' खोडून 'काहीच वाटेनासे झाले' असे लिहिले.

आत्याच का, तर ती किल्लारीजवळची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून दमलेली गावे झोपली असताना भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद माणसांवर कोसळले. सात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत आत्याची सासू आणि धाकटा मुलगा होता.

आषाढात मी तिला, तिच्या संमतीने, सगळी वाक्ये विचारली. बेरीज अगदी किरकोळ आली. "आठवण चुकवतेस का?" यालाही शून्य. मला बरे वाटले. रात्री पाहतो तो तिची खाट अंगणात. पाऊस आला तशी ती ओसरीवर आली, दाराच्या आत नाही. तीस वर्षांत ती छपराखाली स्वस्थ झोपलेली नाही. पण ते आता 'चुकवणे' राहिलेले नाही, तिची ती रीतच झाली आहे. मग ती शून्यच सांगणार!

मित्राला हे सांितले, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "कागद ही चाळणी आहे. निदान समोर बसून, बोलून करायचे असते. आणि विचारताना शेजारी कोण होते?" मी आठवले. मुलगा आणि सून, दोघेही होते.

अनंतचतुर्दशीनंतर दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. या खेपेला आम्ही दोघेच होतो. पहिल्याच वाक्याला आत्या म्हणाली, "चार लिही." पुढची कितीतरी वाक्ये तशीच. मध्येच थांबून तिने धाकट्याचे नाव घेतले. ते मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. उरलेली वाक्ये मी विचारली नाहीत. कागद घडी करून ठेवला आणि ती सांगत गेली, ते ऐकत बसलो.

पुढच्या आठवड्यात मित्र स्वतः येतो म्हणाला आहे. आत्याने त्याला अंगणातच बसवायचे ठरवले आहे.