पेंग्विन की ऱ्हिया?

समजा, प्राणिसंग्रहालय उभारण्याच्या संगणकीय खेळात तुम्हांला लोणी भापकरच्या माळावर दक्षिण अमेरिकेतील एक प्राणी ठेवायचा आहे. हम्बोल्ट पेंग्विन चालेल? नकाशा तर अनुकूल दिसतो. लोणी भापकर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १८ अंशांवर आहे; आणि ज्या किनाऱ्यावर हा पक्षी राहतो, तेथील पेरू-चिलीची सीमाही दक्षिणेस जवळजवळ तेवढ्याच अंशांवर! पण त्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या वीसपटींहून अधिक. म्हणूनच पेंग्विनच्या अंगावर दाट पिसे व कातडीखाली चरबी असते. आपल्या उन्हाळ्यात हेच पांघरूण त्याच्या जिवावर उठेल.

मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, तेव्हा त्यांच्यासाठी सुमारे १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाचा कक्ष बांधावा लागला. शीतयंत्र उष्णता नाहीशी करीत नाही, ती फक्त बाहेर फेकते. आणि तेही रात्रंदिवस वीज खाऊन. (खेळात वीज सहसा जात नाही, ही मोठीच सोय!)

कॅपिबाराला डुंबायला पाणी हवे. या जिरायती पट्ट्यात ते कोठून आणणार?

मी ऱ्हिया निवडीन. अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांतला हा न उडणारा, धावरा पक्षी. बारामती तालुक्यातच सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा ज्या मोकळ्या माळावर चरतात, तशी जागा त्याला मानवेल. सावलीसाठी चार झाडे मात्र लावा.