पाच बोटांची साक्ष
बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आम्ही विद्यार्थ्यांना विचारतो : आपल्या हाताला पाच बोटे, बिबट्याच्या पुढच्या पंजालाही पाच, चितळ मात्र दोन खुरांवर चालते. मग बिबट्या आपल्या अधिक जवळचा काय? नाही, जनुके त्याला चितळाच्या जवळ ठेवतात. सस्तन वर्गाबाहेरची पाल पाहावी. तिलाही पाचच बोटे. म्हणजे हे दूरच्या पूर्वजाकडून सर्वांना मिळालेले आद्य लक्षण. त्यावरून जवळचे नाते ठरत नाही. नाते ठरते ते सामायिक नव्या लक्षणांवरून. दुभंगलेला खूर असे नवे लक्षण आहे; तो चितळाचे सांबराशी व गायीशी नाते सांगतो. लेखणी धरणारा आपला हात मात्र जुनेच लक्षण जपतो. म्हणून आद्य म्हणजे हीन नव्हे, नवे म्हणजे श्रेष्ठ नव्हे. उत्क्रांतीच्या वृक्षाला फांद्या आहेत. उच्चनीचतेची उतरंड नाही.