सोलर बसवला, तरी बंब पेटतोच?

आजचा विषय गच्चीवरचा आहे, पण त्याचा त्रास खाली, न्हाणीघरात आणि चुलीपाशी होतो.

गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत आपल्या गटांतल्या बऱ्याच घरी सोलर बंब बसले. काहींनी गटातून कर्ज काढलं, काहींनी भिशीचे पैसे लावले. हेतू एकच होता. पहाटे उठून तुराट्या-पऱ्हाट्या पेटवायच्या, धूर डोळ्यांत घ्यायचा, हे थांबावं. मात्र बैठकीत आम्ही हात वर करायला सांगतो तेव्हा कळतं, की निम्म्या घरी तांब्याचा जुना बंब अजून पेटतोच. हप्ताही चालू आणि सरपणही चालू. वर घरात बोलणी बसतात ती वेगळीच, "सुनेनं सगळं गरम पाणी कपड्यांना घातलं!" ती बिचारी सांगते, "मी नळाला हातसुद्धा लावला नव्हता." बऱ्याचदा तिचंच खरं असतं.

म्हणून कुणाला दोष देण्याआधी आणि मिस्त्रीला पैसे देण्याआधी दोष कुठे आहे ते आपण शोधू. काचेच्या नळ्यांचा सोलर खेड्यात जास्त दिसतो, म्हणून त्याच्याबद्दलच बोलतो.

आधी त्याचं काम कसं चालतं ते बघा. उन्हानं नळीतलं पाणी तापतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीतलं थंड पाणी नळीत उतरतं. दिवसभर हे आपोआप चालतं, मोटर लागत नाही. टाकीत थंड पाणी खालून येतं आणि गरम पाणी वरच्या तोंडातून घरात जातं. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

पहिली तपासणी घड्याळाची. स्वच्छ उन्हाच्या दिवशी कुणीही गरम पाणी वापरू नका. दुपारी चारला गरम नळ सोडा. सुरुवातीचं गार पाणी बादलीत धरा, कारण ते पाईपमधलं असतं. अर्धा इंची पाईप ५० फूट लांब असेल तर त्यात दोन-अडीच लिटर पाणी मावतं. ते भांड्यांना वापरा, वाया घालवू नका. त्यानंतर कडक पाणी आलं, तर सोलर तापतोय. मग सकाळी ते गार का होतं, एवढंच शोधायचं. चारलाही कोमटच आलं, तर दोन शक्यता: पाणी तापतच नाही, किंवा वाटेत थंड पाणी मिसळतंय.

दुसरी तपासणी मिसळण्याची. आम्ही पाहिलेल्या घरांत हाच दोष सगळ्यांत जास्त निघाला. न्हाणीघरात नवा मिक्सर नळ बसवतात. त्याच्या गरम आणि थंड अशा दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढचं तोंड, म्हणजे शॉवर किंवा फवाऱ्याची नळी, तेवढं बंद करतात. वरून पाणी बंद दिसतं, पण आत दोन्ही पाईप एकमेकांना मिळालेले असतात. थंड पाणी गरम पाईपमधून उलटं वर चढतं आणि रात्रभरात टाकी गार करतं. थंड पाण्याला मोटरचा दाब असेल तर हे फारच जोरात होतं. मग सोलरच्या हवा-नळीतून पाणी सांडताना दिसतं.

हे पकडायची युक्ती अशी. सोलरच्या टाकीतून गरम पाणी जिथून बाहेर पडतं, तिथला वॉल्व्ह बंद करा. खाली फक्त गरम नळ उघडा. पाईपमधलं पाणी निघून धार थांबली पाहिजे. थांबली नाही, वाहतच राहिली, तर ते पाणी सोलरचं नाही. कुठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम पाईपमध्ये घुसतंय. एकेक मिक्सरच्या चाव्या बंद करत जा. धार थांबली की दोषी नळ सापडला. आंघोळ झाली की दोन्ही चाव्या बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. वॉशर झिजला असेल तर बदला. काम झालं की वरचा वॉल्व्ह परत उघडायला विसरू नका. एक मात्र कधीही करू नका: हवा-नळीला बूच मारू नका. ती बंद झाली तर टाकी फुगते किंवा आत चेपते.

तिसरी तपासणी जोडणीची. जुना बंब किंवा गिझर काढून त्याच पाईपांना सोलर जोडला असेल, तर घाईत पाईप उलटसुलट लागतात. थंड पाणी टाकीच्या खालच्या तोंडाला आहे ना आणि गरम पाणी वरच्या तोंडातून निघतंय ना, ते पाहा. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवा, नाहीतर सोलर पूर्ण भरत नाही. पाईप मध्येच वर उचलून पुन्हा खाली आणला असेल, तर त्या कमानीत हवा अडकते. नळ फुरफुरतो आणि धार बारीक होते. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाईप चालत नाही, तो मऊ पडतो. सीपीव्हीसी घ्या आणि उघड्यावरच्या पाईपला फोमचं वेष्टण घाला.

चौथी तपासणी उन्हाची. सोलरचं तोंड दक्षिणेला हवं. मार्चमध्ये बसवलेला सोलर डिसेंबरात गार पडतो, याचं कारण अनेकदा सावली असतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. १० फुटी भिंतीची भर दुपारची सावली सोलापूर-पुण्याकडे मार्चअखेरीस साडेतीन फुटांच्या आत असते, तीच डिसेंबरात ९ फुटांच्या आसपास जाते. शेजारचं नवं बांधकाम, लिंबाची वाढलेली फांदी, स्वतःचीच पाण्याची टाकी, सकाळी दहा ते तीन या वेळात यांतलं काही आडवं येतं का ते पाहा. नळ्यांवर धूळ साचली असेल तर पहाटे ओल्या फडक्यानं पुसा.

पाचवी तपासणी नळ्यांची. प्रत्येक नळीच्या खालच्या टोकाला आतून चंदेरी चकाकी असते. ती पांढरी पडली, तर काचेच्या दोन थरांमधली पोकळी गेली असं समजा. ती नळी आता उष्णता धरत नाही, बदलावी लागेल. बोअरचं पाणी जड असेल तर नळीत क्षार बसतात. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून ते काढून घ्या. पण भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळ्यांत गार पाणी सोडू नका, काच तडकते. हे काम सूर्योदयाआधी किंवा मावळल्यावर करा. पत्र्यावर किंवा कठडा नसलेल्या गच्चीवर एकटीनं चढू नका.

हे सगळं ठीक निघालं, तर मग वापराचा हिशेब मांडा. टाकीत १०० लिटर पाणी ६० अंशाचं आहे आणि नळाचं पाणी २५ अंशाचं आहे. २० लिटरची ४० अंशाची बादली भरायला साधारण साडेआठ लिटर गरम पाणी लागतं. म्हणजे कागदावर ११ बादल्या होतात. पण पाणी काढत जावं तसं खालून थंड पाणी येऊन मिसळतं, म्हणून त्याहून कमीच धरा. संध्याकाळी काढलेलं पाणी रात्री परत तापत नाही. घरात आठ माणसं असतील आणि निम्मी संध्याकाळी आंघोळ करत असतील, तर वेळा वाटून घ्या.

ढगाळ दिवसांत बंब पेटवावा लागला तर त्यात सोलरचा दोष नाही. पण विजेची सळई वापरणार असाल तर प्लास्टिकच्या बादलीतच लावा, घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. गॅस गिझर असेल तर तो बंद न्हाणीघरात नको. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो.

आता पैशांचं. दुकानदार मिस्त्रीकडे बोट दाखवतो आणि मिस्त्री दुकानदाराकडे. म्हणून तोंडी तक्रार करू नका. वहीत लिहा: तारीख, ऊन होतं की ढग, चारचं पाणी कसं, सकाळी सहाचं कसं, वॉल्व्ह बंद केल्यावर धार थांबली की नाही. सलग तीन दिवसांची नोंद आणि मोबाईलवरचे फोटो घेऊन जा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख आहे का, काचेच्या नळ्या त्यात धरल्यात का, तेही वाचा. ज्यांना अजून सोलर घ्यायचाय, त्यांनी बसवणाऱ्याशी आधीच ठरवावं, की शेवटचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळचं पाणी पाहून मिळतील.

येत्या बैठकीला ही वही घेऊन या. ज्यांच्या घरी अजून बंब पेटतो, त्यांच्या गच्चीवर आपण दोघी-तिघी मिळून जाऊ आणि वॉल्व्हची तपासणी तिथेच करून पाहू.