हातातील साधन आणि चालण्याचा जमाखर्च

सातारला अजिंक्यताऱ्याच्या चढावर किंवा सांगलीत कृष्णाकाठी पहाटे फिरावयास जाणाऱ्यांपैकी कोणाच्या हाती काठी असते, तर कोणाच्या हाती छोटी डंबेल्स. याच दोन जिल्ह्यांतील अनेक घरांत शस्त्रक्रियेनंतर एखादे आजोबा वॉकर धरून अंगणात पावले टाकीत असतात. चालणे एकच, परंतु हातातील साधन बदलले की श्रमाचा जमाखर्चही बदलतो. रुग्णांच्या कुटुंबीयांस तो ठाऊक असणे हिताचे आहे.

अर्धा ते दीड किलोचे वजन घेऊन हात जोरकसपणे हलविल्यास श्रम काहीसे वाढतात; वजन नुसते लोंबते ठेवल्यास फारसा लाभ होत नाही. मूठ घट्ट आवळल्याने रक्तदाब वाढू शकतो. म्हणून रक्तदाबाच्या रुग्णांनी वैद्यकीय सल्ल्याविना हा प्रयोग करू नये.

दोन्ही हातांत काठ्या घेऊन चालण्याची पद्धत फिनलंडमध्ये रूढ झाली. काठी मागे रेटताना दंड, खांदे व पाठ यांचे स्नायूही कामास लागतात. अमेरिकेतील डॅलस येथील कूपर संस्थेच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा चालण्याने प्राणवायूचा वापर सरासरी सुमारे २० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तथापि चालणाऱ्यांस वाढीव श्रम जाणवले नाहीत. निरोगी व्यक्तीस हा लाभच. हृदयरोग्यास मात्र हा इशारा होय.

आधाराच्या काठीचे कार्य निराळे. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात ती धरल्यास त्या सांध्यावरील भार हलका होतो. उचलून ठेवावयाचा वॉकर तोल सांभाळतो. पण पावलोपावली उचलणे, टेकणे व थांबणे आल्याने तेवढ्याच अंतरास साध्या चालण्याहून पुष्कळ अधिक शक्ती खर्ची पडते. अशा वेळी थकलेल्या वृद्धास आळशी ठरवू नये किंवा घाईने वॉकर काढूनही घेऊ नये. थोडे चालणे, मग विसावा, असा क्रम ठेवावा. छातीत दुखणे, घेरी अथवा विसाव्यानंतरही न थांबणारी धाप दिसल्यास तात्काळ डॉक्टरांस कळवावे.

साधने देणगीदाखल देणाऱ्या दात्यांस नम्र विनंती, की उंची कमी-अधिक करता येणारी साधनेच निवडावीत व टोकाची रबरी टोपी झिजलेली नाही याची खात्री करावी. रुग्ण ताठ उभा असता मूठ त्याच्या मनगटाच्या पातळीस यावी. बेताच्या मापाचे साधन आधार देते; चुकीच्या मापाचे साधन श्रम वाढविते व पडण्यासही कारण ठरते.