दीपगृहाचे जुने तैलचित्र : साहित्य, काळ आणि कर्ता

एखाद्या जुन्या घराच्या दिवाणखान्यात दीपगृहाचे तैलचित्र टांगलेले आढळते. खाली खवळलेला समुद्र, खडकावर उंच मनोरा आणि कोपऱ्यात पुसट झालेली सही. चित्र कोणी व केव्हा काढले, हे घरात कोणाला ठाऊक नसते. अशा वेळी चित्रकाराचे नाव कायमचे हरवते, अथवा त्याच्या जागी एखादे प्रसिद्ध नाव चिकटते. दोन्ही प्रकारांत अन्याय होतो तो प्रादेशिक चित्रकारावर. तो टाळण्यासाठी चित्र कसे वाचावे, याचा विचार या घटकात करू.

१. साहित्य

भंडारा जिल्ह्यातील चिखला हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीसाठी ओळखले जाते. तेथून समुद्र फार दूर आहे. तरीही समुद्राच्या तैलचित्राशी या परिसराचे नाते जोडता येते. पूर्व विदर्भात उभ्या धानात, जमिनीतील ओलीवर, लाखोळीप्रमाणे जवसही पेरतात. तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची बारीक पूड आणि मुख्यतः जवसाचे तेल यांचे मिश्रण होय. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते व त्याचा चिवट पापुद्रा बनतो. मँगनीजची संयुगे या क्रियेस वेग देतात. 'अंबर' नावाच्या तपकिरी मातीत लोहाबरोबर मँगनीजचे ऑक्साइड असल्यामुळे तो रंग लवकर वाळतो. म्हणूनच अनेक चित्रकार खालचा, छायेचा पातळ थर अंबरने देत. वरचे थर क्रमाने अधिक तेलकट ठेवीत. हा क्रम चुकल्यास खालचा थर नंतर आकसतो आणि वरच्या थराला भेगा पडतात.

२. प्रकाशाचे चित्रण

दीपगृहाच्या चित्रातील कसोटीची जागा म्हणजे त्याचा दिवा. तैलरंगात चित्रकार बहुधा अंधाराकडून उजेडाकडे जातो. आधी आकाश व पाणी गडद करतो आणि अखेरीस पांढऱ्या रंगाचा जाड फटकारा देऊन दिवा उजळतो. पारदर्शक जलरंगाची रीत उलट आहे. तेथे पांढरा रंग म्हणजे मोकळा राखलेला कागद. एकदा झाकलेला उजेड सहसा परत मिळत नाही. त्यामुळे चित्र पाहताना पहिला प्रश्न विचारावा : उजेड वरून दिला आहे की खालून राखला आहे? त्यावरून माध्यमाचा अंदाज येतो.

३. काळ

चित्रातील वस्तूच काळाची एक मर्यादा सांगते. अलिबागजवळील खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ चे, तर मुंबईतील कुलाब्याच्या दक्षिणेकडील प्रॉन्ग्ज दीपगृह १८७५ चे. यांपैकी एखादा मनोरा ओळखू आला, तर चित्र त्या वर्षापूर्वीचे असू शकत नाही. रंगही साक्ष देतात. टायटॅनियम पांढरा १९२० च्या सुमारास वापरात आला. तो मूळ थरात सापडल्यास चित्र त्याआधीचे ठरत नाही. मात्र चित्रकाराने मनोरा प्रत्यक्ष पाहिलाच असेल असे नाही. छापील चित्रावरून केलेली नक्कलही असू शकते.

४. कर्ता

नावाचा घोटाळा किती मोठा होऊ शकतो, याचे उदाहरण सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांच्या चित्रात मिळते. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले आणि १९०८ साली स्वतःची कलाशिक्षणसंस्था काढली. 'ग्लो ऑफ होप' हे त्यांचे १९४५-४६ च्या सुमाराचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. हातात दिवा धरलेली स्त्री दुसऱ्या हाताने ज्योत सावरते आहे आणि बोटांच्या फटींतून लालसर उजेड पाझरतो आहे. त्यांची कन्या गीता या चित्रासाठी उभी राहिली होती. हे जलरंगचित्र असूनही अनेकजण ते तैलचित्र समजतात आणि राजा रविवर्मा यांचे म्हणून सांगतात. त्याच संग्रहात रविवर्मांची चित्रे असल्याने हा समज सहज पसरतो. वास्तविक रविवर्मांचे निधन १९०६ मध्ये झाले. केवळ एका सनाने हा समज खोटा ठरतो, पण तो सन तपासण्याचे कष्ट फार थोडे घेतात.

५. जतन आणि नोंद

जुने चित्र ओल्या फडक्याने पुसू नये. पुसट सही स्वतः गिरवू नये; गिरवलेली सही पुराव्याचे मोल गमावते. चित्राची मागची बाजू पाहावी. तेथे चौकटकाराची चिठ्ठी, प्रदर्शनाचा क्रमांक किंवा पेन्सिलीने लिहिलेले नाव आढळू शकते. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. चित्र घरात कसे आले, याविषयी वडीलधाऱ्यांच्या आठवणी तारखेसह लिहून ठेवाव्यात. ऐकीव माहिती आणि दिसणारा पुरावा यांची नोंद वेगवेगळी करावी. नाव निश्चित होत नसेल, तर 'चित्रकार अज्ञात' असे लिहावे. रिकामी जागा पुढे कोणी भरू शकतो. चुकीचे नाव मात्र खऱ्या चित्रकाराची वाट अडवून बसते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. तैलरंग व जलरंग यांत उजेड दाखवण्याच्या पद्धतींतील फरक स्पष्ट करा.
२. चित्रातील दीपगृहावरून काळाची कोणती मर्यादा कळते व कोणती कळत नाही?
३. आपल्या परिसरातील एखाद्या जुन्या चित्राची वरील मुद्द्यांच्या आधारे नोंद तयार करा.